मागच्या चाकाचे आरे पुन्हा पुन्हा तुटतात? नवी रिंग घेण्याआधी हे वाचा

तक्रार ठरलेली असते. माउंटन बाइक घेऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, रविवारी वेताळ टेकडी नाहीतर येऊरच्या बाजूला चक्कर असते, आणि मागचं चाक डुगडुगायला लागतं. सायकल मार्टात जाऊन "काका, आऊट काढून द्या" म्हणायचं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करून द्या. पंधरा दिवस चाक सरळ, मग पुन्हा आऊट. नंतर एक आरा तुटतो, तो बदलला की महिन्याभरात त्याच्या शेजारचा जातो. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणतो, "रिंगच गेलीय, नवी टाका." इथून पुढे शोध सुरू होतो: मजबूत हवं, हलकंही हवं, आणि बजेट आठ-दहा हजारांच्या वर जाता कामा नये.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. रिंग बहुतेक वेळा निर्दोष असते. पैसे मागच्या चाकाच्या आऱ्यांवर आणि ते बांधणाऱ्या माणसावर घाला. वजन टायर आणि ट्यूबमधून काढा. पुढचं चाक ठीक असेल तर त्याला हातही लावू नका. ज्यांना हे पटत नाही किंवा तपशील हवाय, त्यांनी पुढे वाचा.

आरा तुटला, पण कुठे?

तुटलेला आरा फेकून देऊ नका. त्याचं टोक नीट बघितलं की निम्मं निदान तिथेच होतं.

हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आणि फ्लँज म्हणजे त्याची आरे अडकवलेली भोकांची कड. या फ्लँजमधून बाहेर पडताना आरा जिथे वळतो, त्या बाकाशी तुटला असेल तर तो थकून तुटलाय. ही सगळ्यात जास्त दिसणारी तऱ्हा, आणि तिचं कारण खाली सविस्तर येईल.

निपलपाशी (आऱ्याला रिंगेत आवळणारा छोटा नट), आटे सुरू होतात तिथे तुटला असेल तर आऱ्याची लांबी चुकलेली असण्याची शक्यता मोठी. लांबीला कमी पडलेल्या आऱ्याचे आटे निपलच्या बाहेर दिसतात, आणि आट्यांची खाच ही आऱ्याची एक कमकुवत जागा. याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे आरा शाबूत, पण निपलचं डोकं उडालेलं. टायर-ट्यूब काढा, रिंगटेप बाजूला करा आणि आतून बघा. आऱ्याचं टोक निपलच्या खाचेच्या तळापर्यंत आलेलं दिसलं पाहिजे. खोल अंधारात कुठेतरी असेल तर तो संपूर्ण संचच चुकीच्या लांबीचा आहे, आणि एकेक बदलून काही होणार नाही.

चेनच्या बाजूचा आरा तुटलाय आणि त्याच्या शेजाऱ्यांवर ओरखडे, खाचा दिसताहेत? मग कधीतरी चेन मोठ्या दातेरी चक्रावरून उडून आऱ्यांमध्ये अडकली होती. दोष चाकाचा नाही, डिरेलरचा आहे, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा. तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलाय का बघा, 'एल' लिहिलेला स्क्रू नीट लावून घ्या आणि खाच पडलेले सगळे आरे बदला. खाच पडलेला आरा आज ना उद्या तिथेच तुटतो.

मधोमध तुटला तर काठी किंवा दगड. पुढे चला.

आता आरे सगळे जागेवर आहेत, पण चाक तरी डुगडुगतंय, अशी स्थिती असेल तर आधी हब तपासा. सायकल उभी करून टायर वरच्या बाजूला धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. 'कट्' असा बारीक आवाज येऊन चाक हललं, तर कोन, म्हणजे हबमधल्या छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट, सैल झालेत. साध्या हबना पुढे १३ आणि मागे १५ नंबरचा पातळ पान्हा लागतो, आणि काम अर्ध्या तासाचं. हे न बघता नुसतं निपल फिरवत बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हबमधला खेळ आऱ्यांनी काढता येत नाही, उलट सरळ असलेली रिंग वाकडी होते.

चाक बाहेर काढलंच आहे तर एक्सल बोटांनी हळू फिरवून बघा. फिरताना त्याचं टोक वर-खाली होत असेल तर एक्सल वाकलाय. स्वस्त सायकलींत हे फार होतं आणि त्याचं कारण रचनेतच आहे. अशा सायकलींच्या हबवर फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चक्रं आणि त्यांचा खटका यांचा एकत्र संच, आट्यांनी बसवलेलं असतं. त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग फ्रेमच्या चिमट्यापासून (चाक जिथे अडकतं तिथून) बरंच आत राहतं, आणि एक्सलचा मोठा भाग आधाराशिवाय लोंबतो. स्पीडब्रेकरवर मागचं चाक आपटलं की सगळा भार त्या उघड्या भागावर. कॅसेटमध्ये खटका हबच्याच एका भागात, म्हणजे फ्रीहबमध्ये असतो आणि चक्रं त्यावर सरकवून बसवतात. अशा हबमध्ये बेअरिंग फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाशी नेलेलं असतं, म्हणून तिथे एक्सल वाकणं दुर्मीळ. तुमच्या सायकलीला यांतलं काय आहे हे ओळखायची सोपी खूण अशी: दातेरी चक्रं उलटी फिरवा आणि मधल्या खाचांच्या गोलाकडे बघा. तो चक्रांबरोबर फिरला तर कॅसेट, स्थिर राहिला तर फ्रीव्हील.

शेवटी रिंग. निपलच्या भोकांभोवती केसाएवढ्या चिरा आहेत का, हे उजेडात नख फिरवून बघा. चिरा असतील तर रिंग बदलायची, त्यात चर्चा नाही. काठाला पोचा पडला असेल आणि ट्यूब वापरत असाल, तर छोटा पोचा चालतो. मोठा पोचा, किंवा चाक फिरवताना एका जागी चपटं दिसत असेल, तर आरे आवळून ते गोल होत नाही.

तुटतो तो सैल आरा

आता बाकाशी तुटणाऱ्या आऱ्यांबद्दल. "फार आवळले म्हणून तुटले" असा सार्वत्रिक समज आहे. बहुतेक वेळा खरं याच्या उलट असतं.

चाकावर वजन पडलं की जमिनीला टेकलेल्या जागी रिंग किंचित चपटी होते, आणि खालच्या दोन-चार आऱ्यांचा ताण तेवढ्यापुरता उतरतो. चाक पुढे गेलं की तो परत चढतो. २९ इंची चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर, म्हणजे हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक आऱ्यावर हा चढउतार साधारण ४ लाख ३५ हजार वेळा होतो. आऱ्यात मुळात भरपूर ताण असेल तर उतरल्यावरही तो ताठच राहतो. ताण कमी असेल तर खाली आल्यावर पूर्ण सैल पडतो, त्याचा बाक फ्लँजच्या भोकात हलतो, आणि वर जाताना पुन्हा खेचला जातो. पोलाद असं वाकवत राहिलं की थकतं. सैल आऱ्याचं निपलही हळूहळू सुटत जातं, म्हणून चाक सारखं आऊट होतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

मागच्या चाकात हा प्रकार जास्त का? एक तर आपलं निम्म्याहून जास्त वजन मागे असतं. दुसरं, चेनच्या बाजूला चक्रांना जागा द्यायची म्हणून उजवा फ्लँज मध्याच्या जवळ येतो, आणि रिंग मधोमध ठेवायची तर उजवे आरे डाव्यांपेक्षा जास्त ताणावे लागतात. उजवीकडे ११० ते १२० किलो ताण असेल तर डावीकडे त्याच्या साठ-सत्तर टक्के येतो. कारखान्यात यंत्राने भरलेल्या स्वस्त चाकात उजवीकडेच ऐंशी किलो असेल, तर डावीकडे किती उरलं असेल याचा हिशेब करा. म्हणून डावीकडचे आरे तुटताना दिसले की ताणाचाच संशय घ्यायचा. डिस्कब्रेकच्या पुढच्या चाकातही हा भेद असतो, फक्त बाजू बदलते: तिथे डिस्ककडचे आरे जास्त ताणलेले असतात.

ताण मोजायचं मीटर मिळतं, पण एका चाकासाठी ते घेण्यात अर्थ नाही. एकाच बाजूचे आरे एकेक करून नखाने छेडा. तबलजी गट्ट्यांवर हातोडी मारत गोलभर सूर जुळवतो, तेच इथे करायचंय. एका बाजूच्या सगळ्या आऱ्यांचा आवाज जवळपास एक हवा. एखादा 'टंग' आणि त्याच्या शेजारचा 'थड' वाजला तर तुमचं उत्तर सापडलं. ताण दुप्पट झाला तर सूर दुप्पट चढत नाही, साधारण १.४ पटच चढतो. म्हणून आवाजात थोडासा जरी फरक जाणवला तरी ताणात तो बराच मोठा असतो. कानावर भरवसा नसेल तर फोनवरचं गिटार जुळवायचं ॲप पुरतं.

नव्या चाकाआधीचा उपाय

एकच आरा तुटलाय आणि रिंगला चीर नाही? तो बदला आणि त्याच वेळी सगळ्या चाकाचा ताण वाढवून घ्या. "फक्त आऊट काढा" नका म्हणू, "ताण वाढवून, दोन्ही बाजूंचा सारखा करून द्या" म्हणा. आऊट काढणं म्हणजे रिंग सरळ दिसेपर्यंत इकडचं सैल आणि तिकडचं घट्ट करणं. घाईत ते सैल करूनच होतं, कारण सैल करणं सोपं असतं. पंधरा दिवसांत चाक परत येतं ते त्यामुळे.

एकाच बाजूचे तीन आरे गेले असतील तर त्या चाकातले बाकीचेही तेवढेच थकलेत. एकेकाच्या मागे धावण्यापेक्षा रिंग आणि हब तेच ठेवून सगळे आरे आणि निपल नवे टाका. हा उपाय फार कमी लोक करतात, आणि कमी पैशांत चाकाचं आयुष्य याने जितकं वाढतं तितकं दुसऱ्या कशाने वाढत नाही.

चाक बांधून झाल्यावर एक गोष्ट हटकून करायला सांगा, किंवा स्वतः करा. जवळजवळ समांतर जाणाऱ्या आऱ्यांच्या जोड्या दोन्ही हातांत धरून जोरात दाबायच्या, पूर्ण चाकभर. हातमोजे घाला. बाक फ्लँजमध्ये नीट बसतात आणि त्यांच्यात अडकलेला ताण निघून जातो. दाबताना 'टिक-टिक' आवाज आले तर ते पिळलेले आरे सुटल्याचे आहेत. मग पुन्हा एकदा चाक सरळ करायचं. हे न केलेलं चाक पहिल्याच राइडला टिकटिकतं आणि आऊट होतं.

डाव्या बाजूची निपल सारखी सुटत असतील तर आट्यांना जवसाचं तेल लावा. ते वाळून चिकट होतं आणि निपलला जागेवर धरतं, तरी पुढे पान्ह्याने फिरवता येतं. चाकं बांधणाऱ्यांचा हा जुना उपाय आहे, आणि तेल किराण्यात मिळतं.

काम कुणाकडून करून घ्यायचं? चकचकीत शोरूमपेक्षा माझा कल जुन्या सायकल मार्टातल्या काकांकडे असतो. काळ्या सायकलींची चाकं ज्यांनी आयुष्यभर हाताने भरली त्यांचा हात बसलेला असतो. त्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत, म्हणजे मागचं चाक वेगळ्या हिशेबाने करायचं असतं हे त्या कारखान्यांनाही माहीत होतं. मात्र सामान तुम्ही न्या. काकांच्या डब्यात असतात ते बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले साधे आरे. तुम्हाला स्टेनलेस हवेत. आणि चुंबकाची परीक्षा करत बसू नका: ओढून बारीक केलेलं स्टेनलेसही चुंबकाला थोडं चिकटतं.

चाक घ्यायचंच असेल तर

रिंगला चिरा आहेत, किंवा एक्सल दुसऱ्यांदा वाकलाय. ठीक, मग चाक घ्या. पण मागचंच घ्या. दोन चाकांची तयार जोडी स्वस्त वाटते, पण त्याच पैशांत एक मागचं चाक खूपच चांगलं बांधून होतं, आणि पुढच्या चाकावर तुलनेने हलका भार असतो. दोन्ही चाकं एकाच रंगाची दिसत नाहीत ही अडचण आहे खरी. ती सहन करा.

खरेदीआधी तीन मापं घ्या. मागच्या चिमट्याच्या आतलं अंतर: क्विक रिलीजच्या (खटक्याच्या दांडीने सुटणाऱ्या चाकाच्या) सायकलीत बहुधा १३५ मिलिमीटर, थ्रू-एक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड एक्सल) असेल तर १४२ किंवा १४८. डिस्क सहा बोल्टची आहे की सेंटरलॉक, म्हणजे मधल्या एकाच रिंगनटने बसणारी. आणि कॅसेट कोणती. आठ, नऊ आणि दहा स्पीडची शिमानो धाटणीची कॅसेट एकाच फ्रीहबवर बसते. बारा स्पीडमध्ये शिमानोचं मायक्रो स्प्लाइन आणि स्रॅमचं एक्सडी वेगळं, पण स्रॅमच्या एनएक्स आणि एसएक्स ईगल कॅसेट जुन्याच फ्रीहबवर जातात. सात स्पीडचं फ्रीव्हील असलेल्यांना वाटतं की कॅसेटवर जायचं म्हणजे शिफ्टरपासून सगळं बदलावं लागणार. तसं नाही. साडेचार मिलिमीटरचा स्पेसर टाकून सात स्पीडची कॅसेट त्याच फ्रीहबवर बसते आणि शिफ्टर तोच चालतो.

हबमध्ये दोन पंथ आहेत. शिमानोचे साधे हब वाटी, कोन आणि छर्ऱ्यांचे. मागे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, पाव इंची. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर उघडून ग्रीस बदललं तर ते वर्षानुवर्षं जातात. नाही बदललं तर वाटीत खड्डे पडतात, आणि मग हबच जातो. दुसरे सील्ड बेअरिंगचे, नोव्हाटेकसारखे तैवानी. बेअरिंगच्या रबरी झाकणावर ६९०२ किंवा ६००१ असा आकडा छापलेला असतो. तो घेऊन कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात जा, त्याच मापाचं '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंनी रबर असलेलं बेअरिंग मिळेल. ज्यांना पान्हे हातात घ्यायची आवड नाही आणि जे पावसातही चालवतात, त्यांनी सील्ड घ्यावेत. हबचा आवाज किती मोठा यावर मात्र काहीही अवलंबून नसतं. पॅडल थांबवल्यावर भुंग्यासारखा घुमणारा हब सध्या फार मागितला जातो, आणि केवळ त्या घुमण्यासाठी लोक हजार रुपये जास्त मोजतात.

रिंगमध्ये पहिली अट दुहेरी भिंत. व्हॉल्व्हच्या भोकातून बघितलं की दोन थर दिसतात. २९ इंची मागच्या चाकासाठी ५०० ते ५८० ग्रॅमची ॲल्युमिनियम रिंग घ्या. २७.५ ला तीसेक ग्रॅम आणि २६ ला पन्नासेक ग्रॅम वजा करा. सव्वाचारशे ग्रॅमच्या खालच्या रिंगा शर्यतीसाठी असतात. सह्याद्रीचा बेसाल्ट फुटतो तो धारेवर, आणि उतारावर अशा एका दगडावर मागचं चाक आपटलं की त्या रिंगेला पोचा पडतो. कोकणातला जांभा त्या मानाने बोथट, पण तिथे हवेत मीठ आहे. आतली रुंदी टायरप्रमाणे ठरवा: २.१ ते २.२५ च्या टायरला २३ ते २५ मिलिमीटर पुरे. तीसची रुंद रिंग २.४ च्या टायरसाठी असते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या फ्रेममध्ये तेवढा टायर मावतच नाही, मग वजन फुकट वाहायचं. अनोळखी कंपनीच्या स्वस्त कार्बन रिंगेबद्दल विचारूही नका.

आता आरे, म्हणजे जिथे खरा पैसा घालायचा ती जागा. साधा आरा पूर्ण लांबीत २.० मिलिमीटर असतो. डबल बटेड आरा दोन्ही टोकांना २.०, पण मध्ये १.८. सपिमचा रेस आणि डीटी स्विसचा कॉम्पिटिशन ही याचीच उदाहरणं, तैवानच्या पिलरचेही मिळतात. मध्ये बारीक म्हणजे कच्चा, असं वाटणं साहजिक आहे. पण बारीक भागाचा छेद जवळपास एकोणीस टक्के कमी असल्यामुळे तो जास्त ताणला जातो. रिंग चपटी होते तेव्हा तो पूर्ण सैल पडत नाही, आणि बाकावरचा मार हलका होतो. म्हणून हाच आरा जास्त टिकतो, आणि ३२ आऱ्यांच्या चाकात तीसेक ग्रॅम वजनही कमी करतो. मजबुती आणि हलकेपणा एकाच वस्तूत मिळण्याची चाकातली ही जवळजवळ एकमेव जागा. साध्या आऱ्याच्या कित्येक पट किंमत पडते, हे मान्य. रिंग एक पायरी स्वस्त घ्या, पण इथे काटकसर नको.

संख्या ३२, तीन-क्रॉस गुंफण, म्हणजे प्रत्येक आरा तिघांना ओलांडून जातो. डिस्कब्रेकचा पीळ हबमधूनच रिंगेपर्यंत जातो, त्यामुळे रेडियल गुंफलेलं, म्हणजे आरे एकमेकांना न ओलांडता सरळ जातात असं चाक इथे चालत नाही. वजन शंभर किलोच्या आसपास असेल किंवा कॅरिअरवर सामान बांधून जाणार असाल तर ३६ घ्या. नाहीतर चेनच्या बाजूला बाकाशी जाड असलेले, डीटी स्विसच्या अल्पाइन ३ सारखे २.३४ मिलिमीटरचे आरे घ्या. फक्त अठ्ठावीस आऱ्यांच्या हलक्या तयार चाकांच्या मोहात पडू नका. त्यांतले बरेच आरे खास मापाचे असतात. महाबळेश्वरच्या उतारावर एखादा तुटला तर मेढ्यात किंवा वाईत तो मिळणार नाही.

निपल पितळेची. ३२ पितळी निपलांचं वजन तीसेक ग्रॅम, ॲल्युमिनियमची घेतली तर वीसेक ग्रॅम वाचतात. पण मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात ॲल्युमिनियमचं निपल आणि स्टेनलेसचा आरा यांच्यामध्ये खारट ओल साचली की ॲल्युमिनियम गंजून आट्यांना चिकटतं, आणि दोन पावसाळ्यांनंतर पान्हा लावला की गोल फिरून हातात येतं. वीस ग्रॅमसाठी हा त्रास कशाला?

सगळं जोडून बघू. तीनशे ग्रॅमचा हब, सव्वापाचशेची रिंग, डबल बटेड आरे दोनशेच्या आसपास, निपल तीस. मागचं चाक हजार-साडेदहाशे ग्रॅमच्या घरात येतं. स्टीलचा हब आणि जाड रिंग असलेलं मूळ चाक सहज दीड किलोच्या आसपास भरतं. म्हणजे चाक मजबूत झालं आणि जवळपास अर्धा किलो कमीही झालं, आणि 'हलकं' असं लिहिलेली एकही वस्तू घेतली नाही.

पैसे कमी पडले तर काटछाट कुठून करायची? आधी रिंगेचं नाव सोडा. मग हब सील्डऐवजी शिमानोचा साधा घ्या. मजुरी आणि आरे शेवटपर्यंत धरून ठेवा.

वजन टायरमधून काढा

फिरणारं वजन दुप्पट मोजायचं, असं एक वाक्य सगळे सांगतात. वेग घेताना ते बऱ्यापैकी खरं आहे. संथ चढावर मात्र चाकावरचे शंभर ग्रॅम आणि पाण्याच्या बाटलीतले शंभर ग्रॅम सारखेच. सायकलसकट तुमचं वजन ९५ किलो असेल आणि सिंहगडाचा चढ ४५ मिनिटांत चढत असाल, तर ३०० ग्रॅम कमी केल्याने आठ-नऊ सेकंद वाचतात. तेवढ्यासाठी रिंग नाजूक घेऊ नये.

तारेच्या कडेचा स्वस्त २९ इंची टायर आठशे-नऊशे ग्रॅमचा असू शकतो. घडी होणारा, केव्हलार कडेचा त्याच मापाचा टायर सहाशे-सातशेत मिळतो. २९ इंची साधी ट्यूब सुमारे दोनशे ग्रॅम. ट्यूबलेस केलं तर ट्यूब जाते आणि सीलंटचे (भोकं आपोआप बुजवणाऱ्या द्रवाचे) शंभर ग्रॅम येतात, म्हणजे निव्वळ शंभर वाचतात. काट्यांचं पंक्चर थांबतं हा वरचा फायदा. बाभळीच्या माळावर फिरणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मात्र एप्रिल-मेमध्ये सीलंट लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी टायरमध्ये पुन्हा भरावं लागतं. हे जमणार नसेल तर ट्यूबच ठेवा.

हवा किती? २.२५ चा टायर, पंचाहत्तर किलोचा माणूस आणि ट्यूब असेल तर मागे ३० ते ३५ पीएसआय. ट्यूबलेसमध्ये पाच-सात कमी. पंक्चरच्या दुकानात अंदाजाने साठपर्यंत भरतात आणि मग प्रत्येक खडा मनगटाला कळतो. याउलट वीसवर ट्यूब घेऊन खडकाळ उतारावर गेलात तर रिंगेला पोचा आणि ट्यूबला सर्पदंशासारखी दोन भोकं नक्की. काटा असलेला उभा पंप घ्या. रिंगा वाचवण्याच्या बाबतीत तो कोणत्याही महागड्या रिंगेपेक्षा स्वस्त पडतो.

दुकानात अडवणाऱ्या दोन गोष्टी

२९ इंची आणि ७०० सी या दोन्हींच्या रिंगेचा बैठकीचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. पण आपल्याकडच्या काळ्या सायकलीची '२८ ची रिंग' ६३५ ची असते. नाव लहान, रिंग मोठी. गावाकडच्या दुकानात तोंडी माप सांगून टायर किंवा रिंग मागवली तर हा गोंधळ होतो, म्हणून टायरच्या कडेवर छापलेला '५७-६२२' असा आकडाच दाखवा. २७.५ ला ५८४ आणि २६ ला ५५९.

दुसरं व्हॉल्व्हचं भोक. स्वस्त सायकलींच्या रिंगेला मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हचं साडेआठ मिलिमीटरचं भोक असतं. चांगल्या रिंगा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी साडेसहाच्या येतात. जुनी ट्यूब त्यात जाणार नाही, आणि प्रेस्टाला पेट्रोलपंपावरची नळी बसणार नाही. पितळी ॲडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर नाही तर खोगिराखालच्या पिशवीत ठेवा. तिथेच दोन जास्तीचे आरेही टेपने चिकटवून ठेवा: एक डाव्या लांबीचा, एक उजव्या. मागच्या चाकात दोन्ही बाजूंच्या लांबीत दोन-एक मिलिमीटरचा फरक असू शकतो, म्हणून चाक बांधून घेतानाच काकांकडून दोन्ही मापं लिहून घ्या.